हॉर्नची तार

स्फाक्स शहरातल्या बाब जेब्लीच्या चौकात हॉर्न वाजला आणि खमैस दचकला. दचकायचं कारण एवढंच, की हॉर्न त्याचाच होता. समोर डाळिंबांची हातगाडी आडवी आली होती. त्यानं मोटारसायकल थांबवली होती आणि डाव्या हाताचा अंगठा सवयीनं बटणाकडे गेला असणार. पण अंगठा गेला, बटणावर टेकला, बटण आत गेलं, यातलं काहीच अंगठ्यानं वर कळवलं नव्हतं. आवाज आला तो बाहेरून, कानातून, दुसऱ्या कुणाचा यावा तसा. आणि तो थांबतही नव्हता. हातगाडीवाला कानावर हात ठेवून ओरडला, "ऐकलं हो हाजी, ऐकलं! सगळ्या स्फाक्सनं ऐकलं! आता सोडा की!" तेव्हा खमैसनं खाली पाहिलं. अंगठा बटणावर ठाम बसलेला होता. त्यानं तो डोळ्यांनी पाहत पाहत उचलला, टेबलावरून एखादी वस्तू उचलावी तसा.

भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते नवल. आयुष्यभर त्यानं लहान मुलांना विज्ञान शिकवलं होतं आणि पंचेंद्रियांचा धडा तर दर वर्षी शिकवला होता. डोळे बांधलेल्या मुलाच्या तळहातावर तो कधी मीठ ठेवायचा, कधी लोकर, कधी बदामाचं टरफल. मुलं चुकली की वर्ग हसायचा. तो धडा शिकवताना स्वतःच्या हाताबद्दल त्याला कधी प्रश्न पडला नव्हता. त्या दिवशी घरी येऊन तो सरळ स्वयंपाकघरात गेला. धणे, शहाजिरं आणि मेथी त्यानं तीन वाट्यांत काढली, डोळे मिटले आणि एकेक दाणा चिमटीत धरून पाहिला. चिमटीला तिन्ही दाणे सारखेच, म्हणजे कुणीच नाही. मधल्या बोटालाही तेच. करंगळीला मात्र मेथीचा कोपरासुद्धा कळला. मग अनामिकेची पाळी आली, आणि तिथं त्याला आजवर कुठल्याच पुस्तकात न दिसलेली गोष्ट सापडली. अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागाला कळत होतं, दुसऱ्या अर्ध्या भागाला कळत नव्हतं. एकाच बोटाच्या मधोमध सरहद्द होती. त्यानं पेन घेऊन ती आखली. वसीला, त्याची बायको, तेवढ्यात आत आली. तिनं वाट्या पाहिल्या, बोटावरची शाई पाहिली आणि म्हणाली, "निवृत्त झालास तेव्हाच मला कळलं होतं. विद्यार्थी मिळेनासे झाले की हा स्वतःच्याच बोटांना शिकवायला बसणार."

तिनंच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर निघाली दॉर्साफ, त्याचीच जुनी विद्यार्थिनी. तिसऱ्या बाकावर बसायची. प्रश्न पडला की डावा हात वर करायची, आणि त्यानं लक्ष दिलं नाही तर दुखू लागलेला हात उजव्या हातानं कोपराखाली धरून तसाच वर ठेवायची आणि म्हणायची, "सीदी, सीदी," म्हणजे सर, सर. आता तिच्या केसांत एक पांढरी बट होती. पण "सीदी" तिनं त्याच सुरात म्हटलं आणि त्याचा हात हातात घेऊन मनगट ठोकून पाहिलं. मनगटात एक अरुंद बोळ असतो, ती म्हणाली. त्यातून बोटांची नस जाते. वर्षानुवर्षं मनगट मोडून धरलं की बोळ दाटतो. तुमची ती मोटारसायकल, सीदी, तिचं हँडल किती खाली आहे! ते मनगट आधी सरळ करा. "आणि ते उघडावं लागेल," ती म्हणाली. त्या एका शब्दापाशी खमैसचे कान बंद झाले. भिंतीवर हाताचं मोठं चित्र होतं, कातडी काढलेलं, आत पिवळ्या नसा. तो ते चित्र पाहत राहिला. उघडून पुढं काय करतात, हा प्रश्न त्याच्या जिभेच्या टोकावर होता. पण जिला त्यानं "विचार, लाजू नकोस" असं शिकवलं, तिच्यापुढं हात वर करायला त्याला लाज वाटली. शिवाय त्याच्या वडिलांचा हातही असाच उघडला होता. ते तेलाच्या घाण्यावर काम करायचे. घाण्यात हात सापडला, सर्जननं उघडला आणि शिवला, आणि त्यानंतर त्यांची दोन बोटं कायमची आकडा होऊन राहिली. उरलेल्या तीन बोटांनी ते बदाम सोलायचे. छोट्या खमैसनं एकदा विचारलं होतं, "बाबा, त्या बोटांतलं कळणं कुठं गेलं?" वडील म्हणाले होते, "डॉक्टरला विचार. त्यानंच काढून घेतलंय." तेव्हापासून त्याच्या मनात डॉक्टर म्हणजे आत जाऊन तार कापणारा माणूस.

हँडल बदलायचं मात्र त्यानं लगेच मनावर घेतलं. नवं हँडल उंच होतं, मागं वळलेलं, धरलं की मनगट सरळ राहावं असं. पण त्यात आणखी एक गंमत होती. मुठीजवळ दोन्हीकडे एकेक भोक होतं आणि मधे पोटाशी एक मोठं. बटणांच्या तारा मुठीजवळच्या भोकातून आत शिरायच्या, पोकळ नळीतल्या वळणातून न दिसता जायच्या आणि मधल्या भोकातून बाहेर यायच्या. जुन्या हँडलवर त्या बाहेरूनच पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या. नव्यावरही तशाच बांधता आल्या असत्या, कुणाचं काही अडलं नव्हतं. पण भोक दिसल्यावर आतून न जाणं खमैसला जमण्यासारखं नव्हतं. गच्चीवर मेंढीच्या कातड्यावर बसून त्यानं भोकाला डोळा लावला. आत काळोख होता, आणि वळणापलीकडे उजेडाची एक पुसट कोर. वसीला दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "या हातानं मी तारा आतून ओवल्या, एकट्यानं, तर गाडी राहील. नाही ओवता आल्या, तर तुझ्या भावाला देऊन टाकू. तिकडे केर्केना बेटावरच्या रस्त्यांवर गर्दी नसते. तो चालवेल."

वसीलानं ओला सदरा झटकला. "आणि हे ठरवलं कुणी?"

"मी."

"बरं," ती म्हणाली आणि चिमटे तोंडात धरले. चिमटे तोंडात असले की ती बोलायची नाही, आणि न बोलता बरंच काही म्हणायची.

गाडी गेली तर काय जाईल, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. कुठं जायचं नसतानाही तो रोज सकाळी निघायचा. ग्रेमदा रस्त्यानं बाहेर, बदामांच्या वाडीपर्यंत, नाही तर उलटा फिरून बंदराकडे, जिथं बेटावर जाणारी फेरीबोट लागते. वसीला मागे बसली की बंदराकडेच. तिला समुद्राचा वास हवा असायचा, बोटीत न बसतासुद्धा. चौकातल्या त्या हॉर्नपासून ती मागे बसली नव्हती. "तुझ्या अंगठ्यावर माझा भरवसा नाही," एवढंच म्हणाली होती. त्याला वाटे, गाडी आहे तोवर शहर मोठं आहे. गाडी गेली की ते आपल्या चपलांएवढं होईल आणि मग आपण खिडकीत बसून लोकांच्या हॉर्नना नावं ठेवू.

उजवी बाजू सहज झाली. त्या बाजूला तारा मोजक्याच होत्या. डावीकडे मात्र खरी दाटी. दिवा, वळणाचे इशारे, हॉर्न, सगळं त्या एका डाव्या अंगठ्याच्या राज्यात. तारांच्या टोकाचा चौकोनी प्लग भोकातून जाणार नव्हता, म्हणून आधी त्यातून एकेक तार सोडवायची. तिच्या टोकाला पितळेची चिमुकली जीभ असते. बारीक सुईनं ती जीभ दाबली की तार सुटून येते. कुठली तार कुठल्या घरातली हे विसरू नये म्हणून त्यानं फोनवर फोटो काढले आणि पहिली जीभ चिमटीत धरली. चिमटीला ती कळली नाही. पडली. मग तो करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागानं काम करायला शिकला, डावखुऱ्या मुलाला उजव्या हातानं लिहायला लावावं तसा, आणि तसं लावणाऱ्या मास्तरांचा त्याला किती राग यायचा ते आठवत. त्याला हेही कळलं, की न कळणारं बोट मधेमधे येतं. ते आपण काम करतोय असं समजून चालतं. जीभ सुटून खाली पडते तरी चिमूट मिटलेलीच राहते, दाणा धरल्यासारखी. हे त्याला इतकं नवलाचं वाटलं, की मिटलेल्या रिकाम्या चिमटीकडे तो बराच वेळ बघत बसला.

मग दोरा. नळीतून आधी दोरा जायला हवा, दोऱ्यामागून तारा. त्याला आई आठवली. सलवारीची नाडी ओवताना ती नाडीच्या टोकाला पिन लावायची, नेफ्यात घालायची आणि कापड चुण्या चुण्या करून पिन पुढं सरकवायची. डोळे दुसरीकडे, तोंड शेजारणीशी, आणि बोटं आतल्या पिनेच्या मागावर. लहानपणी तो शेजारी बसून नेफ्यातला तो फुगवटा चालत जाताना बघायचा, कापडाखालून भुंगा जावा तसा. पण कापडाच्या चुण्या होतात, पोलादाच्या होत नाहीत. त्यानं शिवणाचा दोरा कापसाच्या बोळ्याला बांधला, बोळा मुठीजवळच्या भोकात ठेवला आणि मधल्या भोकाला घरातल्या केर ओढायच्या यंत्राची नळी लावली. यंत्र घुरघुरलं, दोऱ्याचं रीळ गच्चीवर नाचू लागलं आणि क्षणात दोरा पलीकडे. तो एकटाच हसला. अर्धा दोरा यंत्राच्या पोटात गेला होता. जिन्यातून वसीलाचा आवाज आला, "माझं यंत्र तू वर नेलंयस का?" "आणतो, आणतो," तो ओरडला आणि आत गेलेला दोरा घाईघाईनं ओढून काढू लागला. दोऱ्याला त्यानं मासे धरायची मजबूत दोरी बांधून तीही ओढून घेतली. ती मेहुण्यानं दिलेली होती. तारांची टोकं त्यानं एकाखाली एक लावली, उंदराच्या शेपटीसारखी निमुळती, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि दोरीला बांधली. इथवर सगळं नीट होतं. मग त्यानं तेल आणलं.

स्फाक्सच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. कान दुखला की ऑलिव्हचं तेल, बिजागरी करकरली की तेल, नवजात बाळाला तेल, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला तेल. घट्ट जागेतून काही जायचं म्हटल्यावर खमैसचा हात आपोआप बाटलीकडे गेला. मेहुण्याच्या बागेतलं नव्हे, आपल्याच वाडीतल्या ऑलिव्हांचं, पहिल्या घाण्याचं, हिरवं. तारांना चोळलं, भोकात ओतलं. पहिली वीतभर जुडी लोण्यासारखी सरकली. त्याला जिंकल्यासारखं वाटलं. मग वळण आलं. तिथं काहीतरी मऊपणे थांबलं, आणि तो ओढत गेला तसं आणखी घट्ट झालं. तेलानं पट्टीचा गोंद विरघळला होता. पट्टी तारांवरून सुटून मागे गोळा झाली होती आणि त्या गोळ्यानं वळण बुजवलं होतं. त्यानं दोरी मनगटाला गुंडाळून पाय हँडलला लावले आणि ओढलं. पुढे नाही, मागेही नाही. दोरी मनगटात रुतली, नेमकी त्या बोळावर, आणि बोटांत मुंग्यांची झुंड उठली. दुपारचं ऊन गच्चीच्या चुन्यावर पसरलं होतं. खालच्या रस्त्यानं कुणाची तरी फटफटी गेली. तो हँडल मांडीवर घेऊन बसला. आत काय झालंय ते दिसत नव्हतं आणि बोटांना कळत नव्हतं. स्वतःशी केलेला सौदा हरल्याचं त्याला कळून चुकलं, आणि तरी, याचं त्याला स्वतःलाच हसू आलं, नेमकं आत काय दिसत असेल हा प्रश्न काही सुटेना.

वसीला यंत्र न्यायला वर आली. तिनं बाटली पाहिली, कातड्यावरचे हिरवे डाग पाहिले, नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"तेल?"

"हं."

"तुम्ही स्फाक्सवाले ना, समुद्र करकरला तर समुद्रातसुद्धा ओताल." ती त्याच्यासमोर बसली. "ओढत होतास?"

"मग काय करू? फुंकर घालू?"

"आमचे बाबा मडकी टाकायचे समुद्रात, आठवतं ना? ऑक्टोपस आपणहून आत शिरतो, घट्ट जागा त्याला आवडते. मग मडकं वर आलं की नवी पोरं त्याला ओढायची. जितकं ओढाल तितका तो धरून बसतो. बाबा म्हणायचे, हात काढ, आधी त्याला वाटू दे की कुणी ओढत नाहीये." तिनं त्याच्या मनगटाभोवतीची दोरी सोडवली. दोरीचा तांबडा वळ उमटला होता. त्यावरून तिनं बोट फिरवलं. "दोरी सैल धर. मी इथून मागे घेते. हळू. भांडायचं नाही."

"मी एकट्यानं करणार होतो."

"कर ना. मी बाहेर काढतेय, आत घालत नाहीये. बाहेर काढण्याबद्दल तू काही ठरवलं नव्हतंस."

त्यानं दोरी सैल केली. तिनं भोकाशी तारा चिमटीत धरून जरा मागे, जरा पुढे, असं कितीदा तरी केलं, आणि तो गोळा एकदाचा तेलकट सुस्कारा टाकून सुटला. जुडी बाहेर आली. एका तपकिरी तारेची कातडी खरवडली गेली होती, आत तांबं चमकत होतं. खमैसनं चष्मा लावला. तार वळणात खरवडली नव्हती. खरवड होती भोकाच्या तोंडाशी. तिथं पोलादाची कड पात्यासारखी धारदार होती. त्यानं करंगळी फिरवली तर करंगळी म्हणाली, आई गं. अंगठा फिरवला असता तर रक्त आलं असतं आणि अंगठ्यानं ते कुणाला सांगितलंही नसतं. हँडलच्या पिशवीत रबराची एक कडी होती. ती शेवटी लावायची म्हणून त्यानं बाजूला ठेवली होती. ती आधी लावायची असते, तारांना कडेपासून वाचवायला, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्यानं गोल कानस आणली आणि भोकाची कड घासू लागला. आतला कीस झटकून काढला, नळी साबणाच्या पाण्यानं धुतली, फडक्यानं कोरडी केली आणि कडी बसवली. वसीला गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत होती.

"झालं? एवढंच?"

"एवढंच."

"तारेला काहीच केलं नाहीस?"

"तारेचा काय दोष? तिला जायला जागा नव्हती. तोंड मोकळं केलं, धार काढली. तार आहे तशीच जाईल."

वसीला त्याच्याकडे बघत राहिली. "अगदी हेच म्हणाली दॉर्साफ."

"कधी?"

"तेव्हाच. तू भिंतीवरचा तो सोललेला हात बघत होतास ना, तेव्हा मी बाहेर तिला गाठलं. विचारलं, बाई गं, उघडून आत काय करता? म्हणाली, नसेला हातही लावत नाही. वरचं छप्पर थोडं कापतो, बोळ मोकळा होतो, नस आपली आहे तिथंच. आणि म्हणाली, उशीर करू नका."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

खमैसनं कानस खाली ठेवली. मनगट वळवून पाहिलं. कातडीखाली दोन निळ्या शिरा, दोरीचा वळ, आणि त्याच्याखाली, न दिसणारा, तो बोळ. वडिलांची आकडा झालेली बोटं त्याला दिसली, आणि पहिल्यांदाच असंही वाटलं, की त्यांचा हात घाण्यात चिरडलेला होता. सर्जननं बोटांतलं कळणं काढून घेतलं नसेल. बहुधा ते आधीच गेलं होतं. बाबांनीही कुणाला विचारलं नसेल. घरातले सगळे पुरुष एकाच न विचारलेल्या प्रश्नावर एवढी वर्षं जगले.

त्यानं तारा पुसल्या, टोकाला नवी पट्टी गुंडाळली. वसीलानं नातवंडांसाठी आणून ठेवलेली पावडर आणली आणि जुडीवर भुरभुरली. गच्चीवर बाळाचा वास पसरला. मग ती भोकाशी बसली, तो मधल्या भोकाशी. ती बोटानं तारा वळवून आत सोडायची आणि म्हणायची "हं", की तो करंगळीवर घेतलेली दोरी ओढायचा. तिचा प्रत्येक "हं" दोरीतून येऊन त्याच्या करंगळीला कळत होता. ती आत्ता थांबली, आत्ता तिनं जरा रेटलं, आत्ता ती हसतेय. एवढं बारीक त्याला या हातानं फार दिवसांत काही कळलं नव्हतं. वळणाशी जुडी क्षणभर घुटमळली. दोघांनीही ओढलं नाही. मग ती आपणहून वळली आणि मधल्या भोकातून पांढऱ्या पावडरीत माखलेलं निमुळतं टोक बाहेर आलं.

"निघाला गं बाई, मडक्यातून!" वसीला म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या.

हँडल गाडीवर चढवून झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी खाली अंगणात अंजिराच्या झाडाखाली होती. फोटो बघून त्यानं एकेक तार आपापल्या घरात बसवली, जिथं चिमूट हरली तिथं वसीलानं बसवली. किल्ली फिरवली. दिवा लागला. डावीकडचा इशारा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. तो गाडीवर बसला, नव्या मुठी धरल्या. मनगटं सरळ. छान होतं. इतकं छान, की बंदर इथून किती जवळ आहे असं त्याला वाटून गेलं. एक तपकिरी तार मात्र दिव्यामागे मोकळी लोंबत होती. खरवडलेल्या जागी त्यानं पट्टी लावली होती. आता त्यानं टोकालाही पट्टी गुंडाळली आणि ती आत सारून दिली.

"ती कसली?" वसीलानं विचारलं.

"हॉर्नची."

"जोडली नाहीस?"

"अंगठ्याला बटण कळेल तेव्हा जोडू."

"आणि तोवर लोकांना कसं कळणार, तू येतोयस ते?"

"तोवर मी येतच नाहीये." त्यानं किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"मला कशाला? मला कुठं चालवता येते?"

"म्हणूनच." मग म्हणाला, "मी एकट्यानं ओवल्या नाहीत. माझ्या सौद्याप्रमाणे गाडी तुझ्या भावाची."

"तुझा सौदा तुझ्याशी. माझा माझ्याशी आहे. मला समुद्राकडे जायचंय, मागे बसून." तिनं किल्ली कमरेला खोचली. "त्याला माझ्या भावाचा काय उपयोग?"

खमैस हसला. हात पुसून त्यानं फोन घेतला, पण काचेवरचा नंबर दाबला गेला की नाही ते अंगठ्याला कळेना. त्यानं फोन तिच्याकडे दिला. "दॉर्साफला लाव. मोठ्या आवाजावर ठेव."

घंटी वाजत राहिली. वसीला फोन दोघांच्या मधे धरून उभी होती. अंजिराच्या पानांतून उन्हाचे तुकडे नव्या हँडलवर पडत होते, जिथं आता एकही तार दिसत नव्हती. मग पलीकडून आवाज आला, दमलेला, दिवसभराच्या दवाखान्यातला, आणि तरी तोच. "सीदी? बोला. काय झालं?"

"दॉर्साफ, मुली," तो म्हणाला, "मला एक विचारायचं होतं."

वसीला हसू दाबत त्याच्याकडे बघू लागली. का, ते त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. त्याचा डावा हात केव्हाच वर गेला होता आणि उजव्या हातानं तो कोपराखाली धरला होता.